दाभोळ ते विजापूर : एका सफरीचा आराखडा

दिवाळीच्या सुटीची गर्दी ओसरली की आम्ही घरातले सातजण सफरीला निघणार आहोत, इन्शाअल्लाह. मुंब्र्याहून निघायचे, किनारा धरून मुरूड, श्रीवर्धन, दाभोळ करत रत्नागिरी गाठायची, तिथून आंबा घाट चढून कोल्हापूर-मिरज, पुढे विजापूर आणि सोलापूर-पुण्यावरून घरी परत. सगळे मिळून हजार-बाराशे किलोमीटर. कुवेतहून धाकटा भाऊ तीन आठवड्यांच्या रजेवर येतो आहे. अब्बांचे वय पंच्याहत्तरच्या घरात आहे आणि दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. या वर्षी जमले तर जमले, हे घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिला आराखडा मुलांनी केला. सहा दिवसांत तेवीस ठिकाणे! प्रत्येक ठिकाणापुढे वेळ लिहिलेली, तीही पंधरा पंधरा मिनिटांच्या हिशोबाने. अब्बांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "बरं आहे. पण यात नमाज कुठे, जेवण कुठे, आणि मी बसू कुठे?" मुले हसली. आम्ही मात्र कागद परत घेतला.

सफरीला निघताना आपल्यातल्या एकाला अमीर करावे, ही सुन्नत. आम्हाला वाटत होते की गाडी चालवणारा भाऊच अमीर. अब्बा म्हणाले, "चालवणाऱ्याने रस्ता बघायचा. अमीराने माणसं बघायची." शेवटी अमीरपद त्यांच्याकडेच गेले आणि आराखडा नव्याने सुरू झाला.

पहिला नियम त्यांनी घातला तो असा, की एका दिवसात किनाऱ्याचे अंतर देशावरच्या अंतरासारखे मोजायचे नाही. ते खरेच आहे. नकाशात दोन गावे समोरासमोर दिसतात, पण मध्ये खाडी असते. पूर्वी अशा ठिकाणी वळसा घालून दिवस जायचा. आता चार ठिकाणी गाडी चढवता येईल अशा फेरीबोटी आहेत. आगरदांडा ते दिघी ही राजपुरीच्या खाडीवर, बागमांडला ते वेश्वी सावित्रीच्या मुखाशी, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठीवर आणि तवसाळ ते जयगड शास्त्री नदीवर. बोटीत बसणे दहा-पंधरा मिनिटांचे असते, पण गाड्यांची रांग असली की तास मोडतो. म्हणून एका दिवसात दोनपेक्षा जास्त फेरीबोटी ठेवायच्या नाहीत आणि शेवटच्या बोटीवर कधी विसंबायचे नाही. वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारायचे.

पहिला मुक्काम मुरूडला. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा या वाटेने दुपारपर्यंत पोहोचता येते. जंजिरा किल्ला बघायला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात. पावसाळ्यात त्या बंद असतात. हबशी वंशाच्या सिद्दींनी हा पाणकिल्ला शतकानुशतके राखला. तो कोणाला जिंकता आला नाही आणि १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले तेव्हाच त्यांची सत्ता संपली. पण होडी हलत असताना पायरीवर पाय टाकणे म्हाताऱ्या माणसाचे काम नव्हे. म्हणून दोघे मुलांना घेऊन किल्ल्यात जातील आणि बाकीचे किनाऱ्यावर बसतील. अब्बांनी हेही ठरवून टाकले की खाली राहणाऱ्याला "तुम्ही नाही आलात, काय बघायला मिळालं असतं!" असे कोणी म्हणायचे नाही.

दुसऱ्या दिवशी दोन फेरीबोटी पार करून केळशीमार्गे दापोली तालुक्यात उतरायचे. केळशीला याकूब बाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराज त्यांना मानत, ही गोष्ट या भागात लहान मुलालाही माहीत असते. तिथून दाभोळ दूर नाही, आणि दाभोळच्या खाडीच्या काठाने आत गेले की आमचे गाव.

दाभोळबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आमच्या साऱ्या मार्गाला अर्थ आहे तो दाभोळमुळे. आज तिथे उतरलात तर जेट्टी, मासळीच्या होड्या, माडांची रांग आणि दगडी मशीद एवढेच दिसेल. पण बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात हे दख्खनचे एक मोठे बंदर होते. अरबस्तान आणि इराणकडून घोडे यायचे, इकडून कापड जायचे आणि हाजी इथूनच गलबतात चढायचे. इराणच्या गीलानमधला एक व्यापारी १४५३ च्या सुमारास माल घेऊन याच बंदरात उतरला आणि घाट चढून बिदरला गेला. तो म्हणजे महमूद गवान. पुढे तो बहमनी राज्याचा वजीर झाला आणि त्याने बिदरला जो मदरसा बांधला, त्याचे अवशेष आजही उभे आहेत. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले. त्यातूनही बंदर पुन्हा उभे राहिले.

जेट्टीजवळची ती मशीद १६५९-६० च्या सुमाराची. तिची कथा आमच्या दादी सांगायच्या. विजापूरची शहजादी आयेशा बीबी हजला जायला दाभोळला आली. बरोबर माणसे, खजिना, सगळे होते. पण समुद्र सुरक्षित नव्हता, गलबत निघेना. परत जाण्याऐवजी तिने सफरीसाठी आणलेला पैसा अल्लाहच्या घराला लावला. इतिहासकार यातले किती मान्य करतील तो प्रश्न वेगळा. पण घुमट आणि मिनार बघितले की ही मशीद विजापूरच्या घराण्यातली आहे हे सांगावे लागत नाही. म्हणून आम्ही ठरवले की बीबी ज्या वाटेने खाली उतरली असेल, साधारण त्या दिशेने आपण वर जायचे. दाभोळपासून विजापूरपर्यंत.

आता नमाजचा हिशोब. हा भाग आम्ही थोडा सविस्तर लिहितो, कारण असे प्रश्न बऱ्याच घरांत येतात. साधारण ८० किलोमीटरपेक्षा लांबच्या सफरीत जोहर, असर आणि इशाच्या फर्ज चार रकातींऐवजी दोन होतात. फजर आणि मगरिब आहे तशीच. स्थानिक इमामाच्या मागे उभे राहिलात तर पूर्ण चार. आम्ही कोकणी लोक शाफई. आमच्याकडे सफरीत जोहर-असर किंवा मगरिब-इशा एकत्र पढण्याची सवलत आहे. घाट चढून गेलात की बहुतेक मशिदी हनफी, आणि तिथे असरची वेळ आमच्यापेक्षा उशिरा लागते. मागे एकदा मिरजेत आम्ही "जमात चुकली" म्हणून धावत मशिदीत शिरलो, तर तिथे अजान व्हायलाच वेळ होता. एका बुजुर्गांनी पाणी दिले आणि हसून म्हणाले, "कोकणातून आलात वाटतं!" तेव्हा मार्गातल्या मशिदींच्या वेळा लिहून ठेवा आणि आपल्या मसलकाप्रमाणे आलिमांना आधीच विचारून घ्या.

बायकांचा प्रश्न याहून अवघड आहे. पुरुष कुठल्याही मशिदीत वुजू करून उभा राहतो. पण वाटेतल्या बऱ्याच मशिदींत बायकांसाठी जागा नसते, आणि स्वच्छ संडास तर दुर्मीळच. अम्मी आणि घरातल्या इतर बायका लांबच्या प्रवासात पाणीच पीत नाहीत, हे आम्हाला या वेळी आराखडा करताना कळले. इतकी वर्षे एकत्र प्रवास केला, पण कधी विचारले नव्हते. त्यामुळे आता दर दोन तासांनी थांबण्याची जागा आधी ठरते आणि बघण्याची जागा नंतर. नातेवाइकांची घरे, ओळखीची हॉटेले, मोठे पेट्रोल पंप असे सगळे वहीत उतरवले आहे. ज्या गावांच्या जमातींना शक्य आहे त्यांनी मशिदीच्या आवारात एक खोली, एक नळ आणि एक संडास बायकांसाठी ठेवला, तर किती मुसाफिरांच्या दुआ लागतील!

तिसऱ्या टप्प्यात धोपावे, गुहागर, जयगड करत रत्नागिरी. तिथे थिबा राजवाडा बघायचा. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत करून इथे आणून ठेवले. १९१६ मध्ये इथेच त्याचे निधन झाले, मायदेशी परतणे त्याच्या नशिबी नव्हते. मग पालीवरून आंबा घाट. घाटात उलटी होणाऱ्यांनी सकाळी भरपेट घावणे खायचे नाहीत, हा अम्मींचा नियम. कोल्हापूरला दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे. आपली मुले शिकावीत म्हणून शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ मध्ये ते सुरू झाले. मुलांना रंकाळा दाखवण्याआधी ही इमारत दाखवायची असे ठरले आहे.

मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. पंढरपूर भागातून आलेले भोपळे तिथे वाळत घातलेले असतात आणि मुस्लिम कारागिरांच्या कित्येक पिढ्यांनी त्यातून सतारी आणि तंबोरे घडवले आहेत. २०२४ मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर याच गावात, मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात आहे.

मिरजेहून अथणीच्या बाजूने विजापूर. आता त्याचे नाव विजयपुरा. गोल घुमटात चढायला कोपऱ्यातल्या मनोऱ्यांचे अरुंद, उंच जिने आहेत. सात मजले चढल्यावर तो प्रतिध्वनीचा सज्जा लागतो. अब्बांना ते जमणार नाही. इब्राहिम रौजा मात्र सपाटीवर आहे, झाडांची सावली आहे, बसायला जागा आहे. म्हणून मुले घुमटात, आणि अख्खी दुपार सगळ्यांनी मिळून रौजात. मुहम्मद आदिलशाह गेला १६५६ मध्ये, त्यानंतर तीन-चार वर्षांत दाभोळची मशीद. एवढे मुलांच्या लक्षात राहिले तरी सफर वसूल.

एवढे सगळे बसले. राहिले आमचे स्वतःचे गाव. नव्या आराखड्यातही आम्ही त्याला दोन तास दिले होते. कबरस्तानात फातिहा, घराकडे एक नजर, आणि फेरीबोट. घर अकरा वर्षे बंद आहे. चुलते साऊथ आफ्रिकेत, आत्या कुवेतमध्ये, आम्ही मुंब्र्यात. कौले फुटली आहेत, पडवीत वाळवी आहे. विकावे की दुरुस्त करावे, हा विषय प्रत्येक ईदला निघतो आणि शीरखुर्म्याच्या वाट्या उचलताना संपतो.

नमाजचे मसले विचारायला आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांकडे गेलो होतो, तेव्हा यादीत शेवटचा प्रश्न होता : गावात असताना कसर पढायची की पूर्ण? आम्हाला वाटले, एका शब्दात उत्तर मिळेल. मौलानांनी उलट विचारले, "ते तुमचं वतन आहे की होतं? घर तुम्ही सोडलंत की नुसतं बंद ठेवलंय? तुमची नियत काय आहे, त्यावर आहे."

आम्ही एकमेकांकडे बघितले. उत्तर कोणाकडेच नव्हते. घरी येईपर्यंत कोणी बोलले नाही.

रात्री जेवणानंतर अब्बांनी वही मागून घेतली. रत्नागिरीतला एक मुक्काम खोडला, गणपतीपुळ्याचा समुद्रकिनारा खोडला आणि तिसऱ्या दिवसापुढे फक्त गावाचे नाव लिहिले. पुढे वेळ नाही, ठिकाण नाही, काही नाही. भाऊ म्हणाला, "अब्बा, दिवसभर तिथे करायचं काय?" अब्बा म्हणाले, "झाडायचं. विहिरीचं पाणी काढायचं. संध्याकाळी दिवा लावायचा. मग ठरवू कसर की पूर्ण."

आता सामानाच्या यादीत इन्सुलिनची थंड पेटी, जानमाज, पाण्याचे दोन कॅन आणि ओआरएसच्या पुड्यांबरोबर दोन झाडू, खराटा आणि ताडपत्रीही आली आहे. साऊथ आफ्रिकेत चुलत्यांना फोन गेला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, कौलांचा खर्च काय येईल ते विचारून ठेवा. घर विकणार की राखणार, हे अजून ठरलेले नाही. पण ते आता मुंब्र्यातल्या दिवाणखान्यात नाही, त्याच घराच्या पडवीत बसून ठरेल.

वाचकहो, तुम्हीही अशी सफर काढणार असाल तर आमचा सल्ला एवढाच. जो सगळ्यांत हळू चालतो त्याच्या पायाने अंतर मोजा, घरातल्या बायकांना विचारून थांबे ठरवा, आणि एक दिवस कोरा ठेवा. गाडीचे सर्व्हिसिंग झाले आहे, हवा तपासून झाली आहे. गावच्या घराची किल्ली गंजली होती. अब्बांनी तिला तेल लावून रुमालात बांधून ठेवली आहे. आमच्यासाठी दुआ करा.