पाठीवरचा संसार

पाठीवरची सॅक निवडणे ही चिंतन करण्याजोगी गोष्ट आहे, असे पूर्वी मला कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पिशवी ती पिशवी! चार कपडे आणि दोन दशम्या मावल्या म्हणजे झाले. माझे हे तत्त्वज्ञान २००९ सालच्या श्रावणात, तोलार खिंडीच्या वर, टर्रकन फाटले.

आम्ही तिघे खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर निघालो होतो. माझ्या पाठीवर रस्त्यावर स्वस्तात घेतलेली, दिसायला मोठी डौलदार सॅक होती. खिंडीवरच्या निसरड्या कातळावर, ऐन मोक्याच्या जागी, तिचा एक पट्टा शिवणीतून निसटला. ओझे एका बाजूला गेले आणि त्याच्याबरोबर मीही. लोखंडी कठडा हाताशी होता म्हणून आज हे लिहितो आहे. गडावरच्या गुहेत पोचलो तेव्हा सॅकमधला प्रत्येक कपडा पिळून निघत होता. अंधार पडला तशी मला हुडहुडी भरली. दात थांबेनात, सदऱ्याचे बटण हाताला लागेना. सोबतच्या वाटाड्या मामांनी काही न बोलता आपले गाठोडे सोडले. खताची रिकामी पिशवी आणि तिच्यात घट्ट गुंडाळलेली घोंगडी. कोरडी ठणठणीत! ती त्यांनी माझ्या अंगावर टाकली आणि स्वतः रात्रभर विस्तवाशी बसून राहिले.

यंदा लेक पहिल्यांदा पावसाळी भटकंतीला निघाली, तेव्हा सॅक घ्यायला मी हट्टाने बरोबर गेलो. ती रंग बघत होती; मी सॅक उलटी करून शिवणी बघत होतो. पट्टा जिथे जोडलेला असतो तिथे टाके दुहेरी-तिहेरी हवेत. कापड जाड नायलॉनचे हवे. त्याच्या सुताचे माप डेनियर : ९,००० मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. तळ अधिक दणकट हवा, कारण सह्याद्रीचा कातळ आधी तळच खातो. कमरेचा पट्टा रुंद हवा, म्हणजे बरेचसे ओझे खांद्यांवरून कमरेवर येते. माप उंचीवरून घ्यायचे नाही. मानेच्या बुडाशी वर आलेल्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत पाठ मोजायची. दोन दिवसांना ४० लिटर पुष्कळ झाले. त्याहून मोठी घेतली की नको ते सामान आपण होऊन आत येऊन बसते.

"बाबा, ही वॉटरप्रूफ आहे ना?" तिने विचारले. दुकानदार 'हो' म्हणायच्या आत मी 'नाही' म्हटले. कापडाने पाणी अडवले तरी शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून ते शिरतेच. वरचे आवरण कड्यावरचा वारा उडवून नेतो, आतला लेप काही वर्षांनी सुटतो.

घरी आल्यावर मी माळ्यावरची जाड प्लॅस्टिकची पिशवी काढून नव्या सॅकच्या आत बसवली. "एवढी महागाची सॅक, आणि आत हे?" म्हणून लेक रुसली.

परतली तेव्हा सॅक चिखलाने माखली होती.

"कपडे भिजले?" मी विचारले.

"छे! पण बाबा, एका मुलीचे सगळेच भिजले होते. थरथर कापत होती. माझा स्वेटर तिला दिला."

मी काही बोललो नाही. ओली कोंडली की बुरशी धरते, म्हणून सॅक रिकामी करून सावलीत टांगली आणि मनातल्या मनात मामांना नमस्कार केला. इतक्या वर्षांचे देणे थोडेसे तरी फिटले, असे वाटले.