अद्भुताची शिफारस

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांचा वाचक बहुधा दुसऱ्या वाचकाच्या हातून घडतो. ऐतिहासिक कादंबरीला मराठीत घराघरांत मान आहे, कवितेला पाठ्यपुस्तकात जागा आहे, आत्मचरित्राला व्याख्यानमाला आहेत. या दोन प्रकारांना समीक्षेने बराच काळ रंजनाच्या खणात ठेवले आणि ग्रंथालयांनीही त्यांना कोपऱ्यातले कपाट दिले. त्यामुळे ‘हे वाच, आणि वाचून झाले की सांग’ म्हणणारा माणूस हाच त्यांचा खरा आधार राहिला. असा माणूस वाचकाला आयुष्यात अनेकदा भेटतो, आणि वयागणिक त्याचे रूप बदलते.

पहिली शिफारस घरातून येते, आणि ती पुस्तकाची नसून गोष्टीची असते. सिंदबाद, अल्लाउद्दीन, अलीबाबा ही मंडळी मराठी घरांत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मुळे रुळली. सांगणाऱ्याने ते पुस्तक वाचलेले असो वा नसो, गोष्ट मात्र चालत राहिली. 1952 पासून मराठीत ‘चांदोबा’ आला आणि विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दर महिन्याला भेटू लागला. पुढे मूल स्वतः वाचू लागते तेव्हा त्याच्या हाती भा. रा. भागवत पडतात, किंवा पडायला हवेत. फास्टर फेणेचा जनक म्हणून भागवत सर्वांना माहीत आहेत. पण ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या ओळखीचा केला हे त्यांचे काम तितकेच मोठे आहे. व्हर्न मराठीत त्याआधीही आला होता. कोचीनहून निघणाऱ्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात 1900 च्या सुमारास त्याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा अनुवाद क्रमशः छापला गेला. मात्र चंद्रावर, पाताळात आणि समुद्राच्या तळाशी जाणारी ही पुस्तके मुलांच्या पिढ्यांना आपली वाटली ती भागवतांच्या खेळकर मराठीमुळे. जे स्वतःला मनापासून आवडले तेच त्यांनी मुलांपुढे ठेवले. मुलांना पुस्तक सुचवण्यासाठी याहून अधिक काही लागत नाही, आणि याहून कमी चालत नाही.

मुलांना पुस्तके सुचवताना मोठी माणसे एक गोष्ट सहसा करत नाहीत: मुलांचे मत विचारत नाहीत. या प्रकारातल्या दोन सर्वांत गाजलेल्या लेखकांची वाट मात्र मुलांनीच मोकळी केली. टोल्किनच्या ‘द हॉबिट’चे हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिले. त्याने एका शिलिंगच्या मोबदल्यात लेखी अभिप्राय दिला, पुस्तक चांगले आहे असे कळवले, आणि 1937 साली ते प्रसिद्ध झाले. ‘हॅरी पॉटर’च्या पहिल्या भागाचे सुरुवातीचे प्रकरण ब्लूम्सबरीच्या प्रमुखांच्या आठ वर्षांच्या मुलीने वाचले आणि पुढचे लगेच मागितले. मुलांच्या शिफारशीत संकोच नसतो, प्रतिष्ठेचा विचार नसतो; म्हणूनच ती खरी निघते.

बारा-तेरा वर्षांच्या पुढे घरातल्यांचे सांगणे मागे पडते आणि मित्राचे ऐकले जाते. मराठीत या वयाचा लेखक म्हणजे नारायण धारप. त्यांची पुस्तके फिरत्या वाचनालयांतून आणली जात, वर्गात बाकाखालून फिरत, आणि रात्री वाचू नये असे बजावले जाई, म्हणजे ती रात्रीच वाचली जात. भयकथांमुळे झाकोळले गेले तरी धारपांनी विज्ञानकथाही लिहिल्या, हे शिफारस करणाऱ्याने आवर्जून सांगावे. त्यांच्या कथा कशा पसरत, याचे ठळक उदाहरण ‘तुंबाड’ या चित्रपटाचे आहे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची एक कथा 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितली. त्यांनी ती तेव्हा वाचलेली नव्हती, नुसती ऐकली होती. ती भीती मनात राहिली आणि 2018 मध्ये चित्रपट पडद्यावर आला. ‘आजी’ या त्या कथेचे मूळ स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेत आहे. म्हणजे किंगकडून धारपांकडे, धारपांकडून एका मित्राकडे आणि मित्राकडून दिग्दर्शकाकडे असा हा प्रवास झाला. त्यातल्या मित्राने चांगली कथा चांगल्या तऱ्हेने सांगितली, एवढेच केले. पण तो दुवा नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

कॉलेजच्या वयात कुतूहलाची जात बदलते. भीतीपेक्षा कल्पनेचे आकर्षण वाढते, आणि इथे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर येतात. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या अक्षरात लिहवून घेतली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे मोठे नाव बाजूला ठेवूनही कथा उभी राहते, याची ही परीक्षाच होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेची भाषणात दखल घेतली. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक, विज्ञानकथेच्या गोटातल्या नव्हेत. म्हणूनच त्यांच्या शब्दाचे मोल वेगळे होते. ज्याला या प्रकारची मुळातच आवड आहे त्याने केलेले कौतुक त्याच वर्तुळात फिरते. बाहेरच्या जाणकाराने केलेले कौतुक वर्तुळ मोठे करते.

शिफारशीची खरी कसोटी इथेच लागते. समोरच्याला काय आवडते हे पाहून पुस्तक निवडायचे असते, आपल्याला काय आवडले ते सगळ्यांच्या हाती कोंबायचे नसते. ऐतिहासिक कादंबऱ्यांखेरीज काही न वाचणाऱ्याला विज्ञानकथा नकोशी वाटते. त्याला नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ द्यावी. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली असती तर, हा प्रश्न मराठी माणसाला परका नाही, आणि त्याच्या मागोमाग समांतर विश्वाची कल्पना तो निमूटपणे पचवतो. अद्भुतकथा म्हणजे लहान मुलांचे वाचन असे मानणाऱ्याला जी. ए. कुलकर्णींचे ‘रमलखुणा’ (1975) द्यावे. त्यातल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोन दीर्घकथांना न भूगोल आहे न इतिहास, तरी नियतीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाची गोष्ट त्यांच्याइतकी थेट फार थोड्या वास्तववादी कादंबऱ्यांनी सांगितली आहे. ‘इस्किलार’ आवडलेल्या वाचकाला उर्सुला ले ग्विनची ‘अर्थसी’ मालिका सुचवता येते. नारळीकरांनंतर काय, असे विचारणाऱ्याला त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ (1957) ही कादंबरी द्यावी. गुरूची कल्पनाशक्ती कोणत्या वाटेने गेली ते तिच्यात दिसते.

किती सांगायचे, हाही भाग महत्त्वाचा आहे. सामाजिक कादंबरीचे कथानक सांगितले तरी तिचा रस उरतो. विज्ञानकथेत पुष्कळदा एकच कल्पना सगळा भार पेलते. ती आधी फोडली की कथा संपली. जाणता वाचक फक्त पहिला प्रसंग सांगतो आणि थांबतो. मालिका असेल तर कोणत्या भागापासून सुरुवात करावी हे मात्र स्पष्ट सांगावे, कारण असिमॉव्हची ‘फाउंडेशन’ मालिका कथानकातल्या काळाच्या क्रमाने, म्हणजे पुढे कधीतरी लिहिलेल्या पूर्वकथेपासून वाचायला घेतलेले अनेकजण मध्येच ती सोडतात.

नोकरी-संसाराच्या वर्षांत वाचन आटते. तेव्हा मराठी वाचकाला धरून ठेवतात ते दिवाळी अंक. अनंत अंतरकरांचे ‘नवल’ आणि शं. वा. कुलकर्णींचा ‘धनंजय’ यांनी अद्भुत, रहस्य आणि विज्ञान यांना हक्काचे घर दिले. वाचनालयात वर्गणी भरून अंक आळीपाळीने घरी न्यायचे, आणि अंक परत करताना पुढच्याला ‘अमुक कथा आधी वाचा’ असे सांगायचे, ही रीत गावोगावी होती. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे ही नावे अनेक वाचकांना अशीच, काउंटरपाशी उभ्याउभ्या कळली.

शिफारशीची सर्वांत कष्टाची तऱ्हा म्हणजे अनुवाद. एखादे पुस्तक आपल्या भाषेतल्या माणसांनी वाचलेच पाहिजे असे वाटल्याशिवाय टोल्किनच्या प्रचंड कादंबरीला हात घालणे शक्य नाही. मुग्धा कर्णिक यांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली. ‘हॅरी पॉटर’ बाळ ऊर्ध्वरेषे यांनी आणला. इंग्रजीत सहज वाचणाऱ्यांनीही या अनुवादांची नावे इतरांना सांगायला हवीत, कारण ज्यांना त्यांची गरज आहे त्यांच्यापर्यंत ती आपोआप पोचत नाहीत. पुस्तके पोचवण्याचे काम नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमाने 2009 पासून केले. विनायक रानडे यांच्या पुढाकाराने 100 पुस्तकांच्या पेट्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जाऊ लागल्या आणि दुबईतल्या मराठी वाचकांपर्यंतही गेल्या. पेटी बदलताना माणसे भेटतात आणि बोलतात, हा तिचा मोठा गुण आहे.

उतारवयात शिफारशीची दिशा उलटते. नातवंडे पुस्तके सुचवू लागतात, आणि ती वाचावीत. चिनी लेखक लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ ही कादंबरी अनेक ज्येष्ठ वाचकांच्या हाती अशीच घरातल्या तरुणांकडून आली असेल. त्या बदल्यात देण्यासारखे ज्येष्ठांकडेही बरेच असते, पण ते झपाट्याने नाहीसे होत आहे. दिवाळी अंकांतल्या असंख्य विज्ञानकथा कोणत्याही संग्रहात आलेल्या नाहीत. जुन्या आवृत्त्या पुन्हा निघत नाहीत. कथा आठवते पण लेखक आठवत नाही, लेखक आठवतो पण वर्ष आठवत नाही, अशी शिफारस ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. म्हणून ज्यांच्या माळ्यावर ‘नवल’, ‘धनंजय’ किंवा इतर अंकांचे जुने गठ्ठे असतील त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी अनुक्रमणिका चाळावी, आवडलेल्या कथेचे नाव, लेखक, अंक आणि वर्ष वहीत उतरवून ठेवावे, आणि अंक जवळच्या ग्रंथालयाला किंवा एखाद्या वाचत्या मुलाला नेऊन द्यावेत.