मुरणे आणि विटणे

जुनी दारू म्हणजे चांगली दारू, हा समज आपल्याकडे इतका रुजला आहे की त्याची शहानिशा करावी असे सहसा कोणाला वाटत नाही. २०२३ च्या हिवाळ्यात मला ती संधी मिळाली. पोर्तो शहरासमोर, दौरो नदीच्या दक्षिण तीरावरील विला नोव्हा द गाया या गावी, एकाच उत्पादकाच्या तीन व्हिंटेज पोर्ट एकापाठोपाठ चाखता आल्या: १९६३, १९९४ आणि २०११.

पोर्टचे मर्म अर्धवट सोडलेल्या किण्वनात आहे. दौरो खोऱ्यातील दगडाळ उतारांवरची द्राक्षे तुडवून आंबवतात आणि बरीच साखर शिल्लक असतानाच त्या रसात द्राक्षांपासून काढलेला कडक मद्यार्क ओततात. किण्वन थांबते, गोडी टिकते आणि मद्यार्काचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते. पुढे वाटा फुटतात. टॉनी पोर्ट वर्षानुवर्षे लाकडी पिंपात हवेचा हलका स्पर्श घेत राहते. व्हिंटेज मात्र निवडक वर्षांचीच करतात. ती सुगीनंतर दोन-तीन वर्षांत, सहसा न गाळताच, बाटलीत भरली जाते आणि उरलेले आयुष्य बुचाआड, अंधारात काढते.

आम्ही ज्येष्ठेपासून सुरुवात केली. तरुण पोर्टच्या तुरटपणाने जीभ आधीच बोथट झाली असती. १९६३ च्या बाटलीतला गाळ मागे ठेवून, हलक्या हाताने ती काचपात्रात ओतली गेली. रंग विटकरी, कडेला नारिंगी छटा. सुके अंजीर, चहाची पत्ती, संत्र्याची साल यांचा वास. १९९४ चा रंग अजून माणकासारखा होता. मनुका, मिरी आणि भरदार गोडी. २०११ ची जवळजवळ काळी, पिकल्या जांभळासारखी आणि तोंडाला मिठी बसावी इतकी तुरट.

काळाने पदार्थात घडवलेल्या बदलाला मराठीत अनेक क्रियापदे आहेत. लोणचे मुरते, फळ पिकते, रंग विटतो. बाटलीत यातले नेमके काय घडते? तुरटपणा देणारी द्रव्ये आणि रंगद्रव्ये एकमेकांशी जोडली जाऊन तळाशी बसतात. म्हणजे मुरण्यासाठी काहीतरी गमवावेच लागते. १९६३ च्या पोर्टमध्ये मुरणे आणि विटणे यांतली सीमारेषा मला सापडली नाही.

तो पेला हातात असताना मन एकाग्र होईना, यालाही कारण होते. माझे वडील १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नव्हती तेव्हा ही द्राक्षे तुडवली गेली. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही कायम होती आणि त्याचे सैन्य अंगोलात लढत होते. ज्या मजुरांनी ही द्राक्षे खुडली, त्यांच्या घरची मुलेही त्या युद्धावर पाठवली जात होती. वडिलांवर लाठ्या चालवणारी राजवट आणि हे मजूर यांना एकाच नावाने ओळखणे मला त्या दिवसापासून जमेनासे झाले.

वडील त्या दिवसांविषयी क्वचितच बोलत. पाठीवरचे वण आम्ही पाहिले होते, पण विचारण्याचे धाडस कोणी केले नाही. आम्हाला वाटे, त्यांचा राग आत मुरत असेल, कधीतरी शांतपणे सांगतील. ते न सांगताच गेले. त्या मौनाखाली राग निवळला होता की तसाच कडवट राहिला होता, हे आता कळायला मार्ग नाही. व्हिंटेज पोर्टचेही तसेच आहे. बूच काढल्याखेरीज आतले कळत नाही आणि उघडलेली जुनी बाटली एक-दोन दिवसांतच संपवावी लागते.

असो. निवाडा द्यायचाच तर तिघींत पुन्हा प्यावीशी वाटली ती १९९४ ची: तुरटपणा नरमलेला, फळ शाबूत. १९६३ ची मी पेल्यात ठेवली नाही. २०११ ची एक बाटली मात्र विकत घेतली. तिला अजून वीसेक वर्षे द्यायला हवीत असे जाणकार म्हणतात. मुलीला सांगून ठेवले आहे, माझी वाट न पाहता उघड.