हाडांतला खुंटा

दांत पुढें असलेल्या मुलीस आमच्या लहानपणीं कोणी दवाखान्यांत नेत नसे. फार तर "ओठ मिटून बस" असें बजावीत. आतां दिवस पालटले आहेत, आणि तें बरेंच झालें असें आम्हांस वाटतें. कारण हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. पडल्यास पहिला आघात त्याच दांतांवर होतो. पुण्याच्या गर्दींतून दुचाकीवर शिकवणीस जाणाऱ्या मुलींच्या आईबापांस हें निराळें सांगावयास नको.

आमच्या पुतणीचे वरचे दांत असेच होते. डॉक्टरांनीं दोन्ही बाजूंची एकेक उपदाढ काढून सुमारें सात सात मिलिमीटर जागा मोकळी केली. पुढचे सहा दांत त्या जागेंत मागें ओढावयाचे. पण ओढावयाचे कशाच्या आधारानें? तार दाढेस बांधावी, तर दाढच पुढें सरकूं लागते आणि मोलाची जागा तीच खाऊन टाकते. न्यूटनचा तिसरा नियम तोंडांतही चुकत नाहीं. पूर्वीं याकरितां डोक्यास किंवा मानेस पट्टा बांधून बाहेरून आधार घेत. तो रोज बारा-चौदा तास बांधून ठेवावा लागे. कॉलेजांत जाणारी कोणती मुलगी तो मनापासून बांधील?

"हाडांतच तात्पुरता स्क्रू बसवूं," असें डॉक्टर म्हणाले मात्र, आणि आमच्या सदाशिव पेठेंतल्या घरांत एकच गहजब उडाला. मातोश्री तर स्वतःच दवाखान्यांत आल्या. "अहो डॉक्टर, पोरीच्या जबड्यांत खिळा मारतां? तो मेंदूंत तर नाहीं ना जायचा?"

"आजी, मेंदू फार दूर राहिला. मला जपावें लागतें तें शेजारच्या दांतांच्या मुळांना. म्हणून आधीं क्ष-किरणांनीं चित्र काढूं."

तो स्क्रू टायटॅनियमचा, दीड मिलिमीटर जाड आणि आठ मिलिमीटर लांब होता. हिरडी बधिर करून दुसरी उपदाढ व पहिली दाढ यांच्या मुळांमधल्या हाडांत तो फिरवीत बसवितात. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत ठेवतात, म्हणजे हाड त्याच्याशीं पुरतें एकजीव होत नाहीं आणि काम संपल्यावर तो सहज काढतां येतो. ही कल्पना आजकालची नव्हे. १९४५ सालीं अमेरिकेंत गेन्सफोर्थ व हिग्ली यांनीं कुत्र्यांच्या जबड्यांत व्हिटॅलियमचे स्क्रू बसवून पाहिले. ते सारे महिनाभरांत निखळले. १९८३ सालीं क्रीकमोर व एकलंड यांनीं एका रुग्णावर ती साधली, आणि १९९७ सालीं जपानांत कानोमी यांनीं अवघ्या १.२ मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरला.

खुंटा हलवून बळकट करावा, असें आपल्याकडे म्हणतात. येथें तें शहाणपण निरुपयोगी! तिसऱ्याच आठवड्यांत डाव्या बाजूचा स्क्रू डुगडुगूं लागला. शंभरांत दहा-पंधरा स्क्रू असे ढिले होतात, हें डॉक्टरांनीं आधींच सांगितलें होतें. यांत कोणाचा दोष नव्हता. तरी घरांत पुनः दोन तट पडले. आमचे बंधु म्हणत, नवा बसवावा. वहिनी म्हणत, पुरे झाले हे हाल. डॉक्टरांनीं दोघांचेंही ऐकून घेतलें आणि पुतणीकडे वळून विचारलें, "तुझें काय म्हणणें आहे?"

ती म्हणाली, "एका बाजूचे दांत मागें आणि दुसऱ्या बाजूचे पुढें, असें घेऊन मी फिरणार नाहीं. दुसरा बसवा."

सतरा वर्षांच्या मुलीचें हें उत्तर ऐकून वहिनी गप्प झाल्या; आम्हांसही त्यापुढें बोलण्याजोगें कांहीं उरलें नाहीं.

नवा स्क्रू थोडा बाजूस बसविला. त्याच्याभोंवतीं अन्न सांचून हिरडी सुजली तर तोही ढिला व्हावयाचा, म्हणून ती दोन्ही वेळां जेवणानंतर मऊ ब्रशानें जागा स्वच्छ करी. दांत महिन्यास फार तर एक मिलिमीटर सरकतात. घाई करणाऱ्यांचें हें कामच नव्हे. शिवाय ज्याचे दांत थोडेसेच वांकडे आहेत, त्यास बहुधा या स्क्रूची गरजच नसते. शंका असेल त्यानें दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घ्यावें. पुण्यांतल्या दंतमहाविद्यालयांत या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत.

जागा भरून आल्यावर दोन्ही स्क्रू इंजेक्शनवांचून दोन मिनिटांत निघाले. पुतणीनें ते डबींत घालून घरीं आणले. मातोश्रींनीं चष्मा चढवून एक तळहातावर घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढासाच?"