रेंज सड्यावर, शाळा खळ्यात

२०२० च्या पावसाळ्यात कोरोनामुळे शाळा मोबाइलवर भरू लागली. आमच्या घरात स्मार्टफोन एकच, तोही सकाळी बाबांबरोबर कुडाळला कामाला जायचा. संध्याकाळी फोन घरी आला की धाकट्या भावाला घेऊन मी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर जायचे, कारण रेंज तिथेच. एकाने छत्री धरायची, दुसऱ्याने फोन. महिनाभरात भाऊ कंटाळला. म्हणाला, "ताई, माका कळला नाय तर इचारू कोणाक?"

आम्ही पिंगुळीच्या गुढीपूरचे ठाकर. चित्रं दाखवत कथा गाण्याची चित्रकथी कला घरातलीच. त्या रात्री आजोबांनी फडक्यात बांधलेली पोथी सोडली. पाठीला पाठ चिकटवलेले कागद, दोन्ही अंगांना चित्रं. पान उभं करून ते वीणेवर कथा गाऊ लागले. भावाने मध्येच काही विचारलं. आजोबांनी गाणं थांबवलं, चित्रावर बोट ठेवून त्याला समजावलं आणि पान उलटण्याआधी विचारलं, "आता फुडे काय होतला, सांग बघू."

मोबाइलवरच्या धड्यात नेमकं हेच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठीवर मी धड्यातली चित्रं काढू लागले. वाडीतली सात पोरं आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात जमायची. त्यांना अडलेलं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करायचे आणि सड्यावरून बाईंना पाठवायचे. व्हिडिओ फिरत राहायचा, पण आवाजाचा छोटा मेसेज कमी रेंजमध्येही जायचा. बाईंचं उत्तर आलं की ते खळ्यात सगळ्यांना ऐकवायचं. "बाईंनी माझा नाव घेतला!" म्हणून भाऊ घरभर नाचला होता.

२०२१ च्या जानेवारीत आमच्याच वाडीतल्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी गुरांच्या गोठ्यात 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभं केलंय. गोठ्यात संग्रहालय होतं, तर खळ्यात शाळा का नाही, असं मला तेव्हा ठामपणे वाटलं. मे महिन्यात तौक्ते वादळाने वीज गेली, फोन बंद पडले. सुट्टी असूनही पोरं खळ्यात आली आणि आजोबांनी कंदिलाच्या उजेडात पान उभं केलं.

आता शाळा रोज भरते. पण आमच्यासारख्या वाड्यांना लांबून शिकवायची वेळ पुन्हा येईल. तेव्हा धडा पाठवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पोरांचा प्रश्न तुमच्यापर्यंत कसा पोचेल, ते आधी ठरवा.