उपग्रहाला आपल्या शेतातला पाऊस दिसतो का?

"एवढे उपग्रह वर फिरतायत, त्यांना आमच्या शेतातला पाऊस दिसत नाही का?" पंचनाम्याचे दिवस आले की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. 24 तासांत 65 मि.मी.च्या वर पाऊस झाला तर मंडळात अतिवृष्टी धरतात. आमच्या मंडळाचं यंत्र झाडाच्या आडोशाला. मागच्या वर्षी ओढ्याने बांध फोडून भात नेलं, आणि यंत्रात भरले 58. मग लोक आभाळाकडे बोट दाखवणारच.

मी घरी साधं पर्जन्यमापक ठेवलंय, रोज सकाळी साडेआठला नोंद करतो. नासा आणि जपानने 2014 मध्ये सोडलेल्या जीपीएम उपग्रहावर आधारलेले आकडे कुणालाही फुकट मिळतात. दोन्ही ताडून बघायची आता सवयच लागलीय.

आपल्या इन्सॅटचा कॅमेरा ढगाचा माथा किती थंड आहे ते बघतो. माथा थंड म्हणजे ढग उंच, म्हणून पाऊस जास्त असावा, हा अंदाज. मायक्रोवेव्ह लहरी मात्र ढगातून आरपार येतात, त्यामुळे आतलं कळतं. समुद्रावर हे छान जमतं. समुद्राचं पाणी या लहरी कमी सोडतं, त्यामुळे पावसाचे थेंब त्यावर उठून दिसतात. जमीन स्वतःच भरपूर लहरी सोडते, त्यात थेंब हरवतात. म्हणून जमिनीवर वेगळा माग काढतात: ढगाच्या वरच्या भागातल्या बर्फकणांनी किती लहरी विखुरल्या, त्यावरून खालचा पाऊस ताडायचा.

आपलं घोडं इथंच अडतं. जुलैत घाटात दिवसेंदिवस लागून राहणारा पाऊस बराचसा बुटक्या ढगांचा. वारा डोंगराला धडकतो आणि ढग फार उंच न जाताच बरसतात. बर्फ कमी, म्हणून उपग्रहाच्या हिशेबात पाऊसही कमी. झोडपून काढलेल्या दिवशी माझ्या मापकापेक्षा तिकडचा आकडा बहुतेक वेळा खालीच असतो.

शिवाय या आकड्यांची एक चौकट साधारण 10-11 किलोमीटरची. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मि.मी.च्या आसपास पाऊस, आणि पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत जेमतेम त्याच्या तिसरा हिस्सा. अशा मुलखात एका चौकटीची सरासरी कुणाच्या बांधाला लावणार?

म्हणून "यंत्रं नकोत, उपग्रहावरून भरपाई द्या" ही मागणी आपल्याच अंगलट येईल. नासाचे अंतिम आकडेसुद्धा जमिनीवरच्या पर्जन्यमापकांशी जुळवून काढलेले असतात. उपग्रहाचा उपयोग वेगळा आहे. आजूबाजूच्या सगळ्या चौकटींत पाऊस आणि आपल्या यंत्रात शून्य, असं दिसलं तर यंत्र तपासायला लावायला तो पुरावा चांगला.

मागायचं ते हे: यंत्र मोकळ्या जागेत हलवा. रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. मंडळाच्या डोंगराकडच्या बाजूला आणखी एक यंत्र बसवा.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. त्याआधी आपापल्या मंडळाचं यंत्र कुठं बसवलंय, ते बघून या. भोवती झाड, भिंत, शेड काही असेल तर तारखेसह फोटो कमेंटमध्ये टाका. सगळे फोटो एकत्र करून अर्जाला जोडू.