पन्नास हजारांचा डबा

“पन्नास हजार? आणि तेही गेम खेळायला?” बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोंबिवलीतल्या त्या घरात चष्मा उतरला म्हणजे प्रकरण गंभीर.

2023चा मे महिना. बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा वही घेऊन उभा होता. त्यातले 20 हजार त्याचेच, दोन वर्षं लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेले. बाकीचे बाबांकडून हवे होते आणि हिशेब पाहिल्याशिवाय बाबा रुपया सोडत नाहीत. म्हणून हिशेबच मांडलेला.

सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा. “पडद्यावरचं चित्र हेच रंगवतं, बाबा. प्रोसेसर कितीही भारी घेतला आणि हे हलकं असलं तर गेम अडखळणारच.” घरचा जुना मॉनिटर फुल एचडी, तेव्हा 8 जीबीचं आरएक्स 6600 पुरेसं. प्रोसेसर सहा कोअरचा रायझन 5 5600. त्याच्या पुढची पिढी 2022मध्येच आली होती, पण तिला मदरबोर्डही नवा लागतो आणि मेमरीही. मेमरी 16 जीबी, मात्र आठ-आठच्या दोन पट्ट्या. एका पट्टीपेक्षा वेग जास्त, खर्च जवळपास तोच.

पोराचा अभ्यास पक्का होता. फक्त बेरीज जुळवताना त्याने पॉवर सप्लायला कात्री लावली होती. बाराशे रुपयांचा, कंपनीचं नावही न ऐकलेला.

आई इतका वेळ गवार मोडत होती. “हा काय करतो रे?”

“घरातली वीज घेऊन सगळ्या भागांना पुरवतो.”

“म्हणजे वायरिंग! आणि तेच स्वस्तातलं?”

जुन्या भाड्याच्या घरात असल्याच स्वस्त वायरिंगपायी नवा फ्रिज जळला होता. हप्ते फिटायचे होते. ते ती कशी विसरेल? आणि तिचं बरोबरच होतं. निकृष्ट पॉवर सप्लाय बिघडताना जोडलेले महागडे भागही सोबत नेऊ शकतो. मग चार हजारांचा, 550 वॅटचा, पाच वर्षांच्या वॉरंटीचा ठरला. कॅबिनेटचे रंगीबेरंगी दिवे गेले. मुलगा दोन दिवस घुम्यासारखा वावरला, पण गेले.

लॅमिंग्टन रोडवर वापरलेलं कार्ड निम्म्या किमतीत मिळत होतं. सप्टेंबर 2022मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि महिनोन्‌महिने राबलेली अशी पुष्कळ कार्डं बाजारात आली. बाबांनी वॉरंटी विचारली. दुकानदार नुसता हसला. बाबांनी नवं घेतलं, पक्क्या बिलासकट.

रात्री जोडणी. बाबा टॉर्च धरून. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळा! मुलाचा चेहरा उतरला.

“चित्र कार्ड रंगवतं म्हणालास ना?” बाबा वाकून म्हणाले. “मग मॉनिटरची वायर वर मदरबोर्डात कशाला?”

त्या प्रोसेसरात स्वतःचं ग्राफिक्स नसतंच. वायर खाली कार्डात गेली आणि चित्र आलं. साडेअकरा वाजले होते. आईने आधी डब्याला मागून हात लावून पाहिला, तापतोय का ते.